मौजे बॅलीकिलक्लाइन

आपल्याकडील जुन्या जमीनदप्तरात गावाच्या नावाआधी ‘मौजे’ हा शब्द हटकून येतो. मौजे अमुक, तालुका तमुक, असे लिहिले की जमिनीचा एक ठराविक तुकडा, त्याची शीव, त्यावर नांदणारी माणसे आणि त्यांच्याकडून येणारा सारा एवढे सगळे त्या एका शब्दात सामावते. आयर्लंडच्या ग्रामीण इतिहासाचा अभ्यास करू लागले म्हणजे असाच एक शब्द पावलोपावली भेटतो, तो म्हणजे ‘टाउनलँड’. या शब्दातील ‘टाउन’ ऐकून एखादे शहर डोळ्यांपुढे येण्याचा संभव आहे. परंतु टाउनलँडचा शहराशी काहीएक संबंध नाही. ते गावही नव्हे. त्यात बाजारपेठ असेलच असे नाही, चर्च असेलच असे नाही. फार काय, माणूस असेलच असेही नाही. तो जमिनीचा सर्वांत लहान असा नाव असलेला तुकडा होय. एवढ्याशा आयर्लंड बेटावर असे साठ हजारांहून अधिक तुकडे आहेत आणि त्यांतील प्रत्येकाला स्वतःचे नाव व स्वतःची शीव आहे.

टाउनलँडांचा आकार एकसारखा नाही. सरासरी सव्वातीनशे एकरांच्या आसपास निघते. पण एखादे टाउनलँड एक एकराचेही नसते, तर डोंगराळ मुलुखातील एखादे कित्येक हजार एकरांवर पसरलेले असते. याचे कारण असे की, ही मोजणी मुळात लांबीरुंदीची नव्हती. त्या भूमीवर किती गुरे पोसली जातील, किती नांगर चालतील, यावरून ती ठरत असे. म्हणूनच सुपीक सखल भागात टाउनलँडे लहान आणि खडकाळ, दलदलीच्या भागात मोठी आढळतात. निरनिराळ्या प्रांतांत या तुकड्यांना नावेही निरनिराळी होती. पश्चिमेकडील कॉनाक्ट प्रांतात ‘क्वार्टर’ आणि ‘कार्ट्रन’ ही मापे चालत. सतराव्या शतकात विल्यम पेटी याने क्रॉमवेलच्या राजवटीसाठी जप्त जमिनींची मोजणी केली, तेव्हा या सीमा आधीपासूनच लोकांच्या तोंडी होत्या. राजे बदलले, मालक बदलले, राज्यकर्त्यांची भाषा बदलली. बांध मात्र बहुधा जागच्या जागी राहिले.

या साऱ्या नावांना आणि सीमांना कागदावर कायमचे रूप मिळाले ते एकोणिसाव्या शतकात. १८२४ मध्ये ब्रिटिश सरकारने संपूर्ण आयर्लंडची नव्याने मोजणी करण्याचे ठरविले. जमिनीवरील करांची आकारणी न्याय्य व्हावी हा त्यामागील उघड हेतू होता, आणि आकारणीचे एकक अर्थातच टाउनलँड होते. टॉमस कोल्बी या लष्करी अभियंत्याच्या देखरेखीखाली एका मैलाला सहा इंच या प्रमाणाने १८४६ पर्यंत सगळ्या देशाचे नकाशे तयार झाले. पायारेषा अचूक मोजता यावी म्हणून कोल्बीने पितळ आणि लोखंड यांच्या जोडपट्ट्या वापरल्या होत्या. उष्णतेने दोन्ही धातू कमीअधिक प्रसरण पावतात. त्यांच्या जोडणीतून हा फरक परस्पर भरून निघे आणि माप ढळत नसे. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची धुरा वाहणारा जॉर्ज एव्हरेस्ट १८२९ मध्ये आयर्लंडला जाऊन हे काम पाहून आला आणि भारतात परतताना तशाच पट्ट्या बरोबर घेऊन आला. पुढे कलकत्ता, डेहराडून आणि बिदर येथील पायारेषा त्याच पद्धतीच्या पट्ट्यांनी मोजल्या गेल्या. आयर्लंडच्या शेतांची मापे घेणारी विद्या आणि आपल्या देशाची मापे घेणारी विद्या यांचे असे सख्खे नाते आहे.

परंतु नकाशावर नुसत्या रेषा भागत नाहीत. नावेही लिहावी लागतात. नावे होती आयरिश भाषेत आणि नकाशे निघणार होते इंग्रजीत. हे काम जॉन ओ’डोनोव्हन या विद्वानाकडे आले. एकेका परगण्यातून पायपीट करीत, म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारीत, जुन्या हस्तलिखितांशी ताडून पाहत त्याने हजारो नावांची मुळे शोधली. नकाशावर मात्र छापली गेली ती इंग्रजी वळणाची रूपे. आयरिश भाषेतील ‘बाल्या’, म्हणजे वस्ती, या शब्दाचे ‘बॅली’ झाले. आयर्लंडच्या नकाशावर बॅलीने आरंभ होणारी नावे जागोजागी दिसतात, ती याच कारणाने. त्यांपैकीच एका नावाची हकीकत आज सांगावयाची आहे. ते नाव बॅलीकिलक्लाइन.

कॉनाक्ट प्रांतातील रॉसकॉमन परगण्याच्या उत्तर भागात, किलग्लास नावाच्या पॅरिशमध्ये हे टाउनलँड आहे. शॅनन नदीचा आणि तिला मिळणाऱ्या सरोवरांचा हा प्रदेश. टेकड्या बुटक्या, माती ओलसर, मध्येमध्ये दलदल. जवळची बाजारपेठ म्हणजे काही मैलांवरील स्ट्रोक्सटाउन. बॅलीकिलक्लाइनचे क्षेत्रफळ सुमारे सहाशे एकर. आणि एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात या सहाशे एकरांवर सुमारे पाचशे माणसे राहत होती. ज्या जमिनीवर आज दोनचार कुटुंबांची गुरे चरावीत, तेवढ्या जमिनीवर पाचशे जिवांचे पोट अवलंबून होते, हे ध्यानात घेतल्यावाचून पुढील कथेचा उलगडा होणार नाही.

हे पोट भरत होते बटाट्यावर. बटाट्याचे उंच गादीवाफे घालून निकृष्ट आणि ओल्या जमिनीतही कुटुंबापुरते अन्न पिकविता येई. एकदोन एकर बटाटे आणि थोडे ताक एवढ्यावर घरदार जगे. ओट धान्य, डुक्कर, एखादे वासरू हे विकण्यासाठी; कारण त्यातून जमिनीचा खंड द्यावयाचा असे. जळणासाठी दलदलीतील माती विटांसारखी कापून वाळवीत; तिला टर्फ म्हणतात. घरे बहुधा मातीच्या भिंतींची, गवती छपराची. बाप म्हातारा झाला की त्याची जमीन मुलांत वाटली जाई आणि तुकड्याचे आणखी तुकडे होत. बाहेरच्या माणसाला हा सगळा गोंधळ वाटे. पण कोणाचा वाफा कोठे संपतो आणि कोणाची गुरे कोणत्या कुरणात जावयाची, हे आतल्या प्रत्येकाला पाठ होते.

या जमिनीची मालकी मात्र त्यांची नव्हती. बॅलीकिलक्लाइन ही ब्रिटिश राजसत्तेची जमीन होती. स्ट्रोक्सटाउनच्या मोठ्या वाड्यात राहणाऱ्या मॅहन घराण्याने, म्हणजे लॉर्ड हार्टलंड यांच्या कुळाने, ती दीर्घ मुदतीच्या मक्त्याने घेतली होती आणि कुळांकडून खंड गोळा करण्याचे काम तेच करीत. १८३४ मध्ये हा मक्ता संपला. तो पुन्हा दिला गेला नाही. लंडनमधील राजसत्तेच्या वने व जमिनी खात्याचे आयुक्त आता या सहाशे एकरांचे प्रत्यक्ष जमीनदार झाले. इतकी वर्षे ज्या सरकारचे नुसते नाव ऐकले होते, ते सरकारच एकाएकी कुळांच्या दारात येऊन उभे राहिले.

आणि येथेच या लहानशा शिवाराने इतिहासात आपले नाव नोंदविले. कुळांनी खंड देण्याचे थांबविले. आरंभी काहींनी, मग जवळजवळ सर्वांनी. थकबाकी वाढत गेली. जमीन सोडून जाण्याच्या नोटिसा निघाल्या. त्या बजावणाऱ्यांना पोलिसांचा बंदोबस्त लागू लागला. ज्यांना घराबाहेर काढावे ते परत येऊन त्याच घरात शिरत. सरकारचा कारभारी जॉर्ज नॉक्स लांबलचक अहवाल लिहून पाठवी, आयुक्त कायदेपंडितांचा सल्ला घेत, खटले उभे राहत. कुळांनीही वर्गणी काढून आपला वकील दिला. एकीकडे ते आयुक्तांकडे अत्यंत नम्र भाषेत अर्ज करीत, आपल्या गरिबीचे वर्णन करीत, दयेची याचना करीत. आणि दुसरीकडे खंडाचा एक पेनीही हातावर ठेवीत नसत. थोडीथोडकी नव्हे, तर दहाबारा वर्षे हा लढा चालला. जगातील सर्वांत बलाढ्य साम्राज्याच्या एका खात्याला सहाशे एकरांवरील काही डझन कुटुंबांनी एवढा काळ झुलवीत ठेवले.

ही कुळे खरोखरच देऊ शकत नव्हती, की देण्यास राजी नव्हती? सरकारी अधिकाऱ्यांच्या मते ती लबाड आणि कज्जेदलाल होती. अर्जांतील शब्द प्रमाण मानले तर ती केवळ दरिद्री व असहाय होती. या दोन्ही चित्रांत सोय पाहिलेली आहे. अधिकाऱ्याला बळाचा वापर समर्थनीय ठरवावयाचा होता, तर कुळाला माफी मिळवावयाची होती. खरी गोष्ट या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असावी. पिढ्यान्‌पिढ्या ज्या वाफ्यांत आपण घाम गाळला ते आपले, ही भावना त्या लोकांच्या मनात खोल रुजलेली होती. आणि जुना मक्ता संपला, नवा धनी दूर आहे, ही संधीही त्यांनी अचूक हेरली होती. दारिद्र्य आणि धूर्तपणा ही एकाच घरात सुखाने नांदू शकतात, हे खेड्यापाड्यांशी परिचय असलेल्या कोणालाही वेगळे सांगावयास नको.

हा झगडा अनिर्णित असतानाच १८४५ च्या शरद ऋतूत बटाट्यावर करपा पडला. पाने काळी पडली आणि जमिनीतील कंद सडून गेले. १८४६ मध्ये जवळजवळ सगळे पीक बुडाले. त्यानंतरच्या काही वर्षांत आयर्लंडमध्ये उपासमारीने आणि तापाच्या साथींनी सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितक्याच माणसांनी देश सोडला. १८४१ च्या शिरगणतीत आयर्लंडची लोकसंख्या ८१ लाख ७५ हजार होती; १८५१ मध्ये ती ६५ लाख ५२ हजारांवर आली. एकट्या रॉसकॉमन परगण्यात सुमारे अडीच लाखांची पावणेदोन लाख झाली. त्यातच १८४७ मध्ये सरकारने असा कायदा केला की, ज्याच्याकडे पाव एकराहून अधिक जमीन असेल त्याला सार्वजनिक निधीतून मदत मिळणार नाही. अन्न पाहिजे असेल तर जमीन सोडा, असाच त्याचा अर्थ होता. जमीन सोडली की घर गेले, आणि घर गेले की परत येण्याची वाटच खुंटली.

शेजारच्या स्ट्रोक्सटाउन येथे काय घडत होते, तेही पाहिले पाहिजे. मॅहन घराण्याची जहागीर आता डेनिस मॅहन याच्याकडे आली होती. कुळांना गरीबखान्यात पोसण्यापेक्षा जहाजाचे भाडे देऊन कॅनडाला पाठविणे स्वस्त पडेल, असा हिशेब त्याच्या कारभाऱ्याने मांडून दाखविला. १८४७ च्या मे महिन्यात १,४९० माणसे रॉयल कालव्याच्या काठाकाठाने डब्लिनपर्यंत चालत गेली आणि तेथून लिव्हरपूलमार्गे क्वीबेककडे निघाली. त्यांना नेणाऱ्या जहाजांपैकी ‘व्हर्जिनियस’ या जहाजावर ४७६ उतारू होते. त्यांपैकी १५८ जण वाटेतच मरण पावले. २ नोव्हेंबर १८४७ रोजी संध्याकाळी घरी परतत असताना डेनिस मॅहनला रस्त्यात गोळी घालून ठार करण्यात आले. या खुनाने लंडनमध्ये खळबळ उडाली, आणि त्या मुलुखातील प्रत्येक कूळ सरकारच्या दृष्टीने संशयित ठरले.

बॅलीकिलक्लाइनचा निकाल याच सुमारास लागला. सरकारनेही येथे कुळे हलविण्याचाच मार्ग पत्करला; परंतु त्याने आपली कुळे न्यूयॉर्कला पाठविली. जे जागा खाली करून देतील त्यांच्या प्रवासाचा खर्च राजसत्ता सोसणार होती. उपाशी माणसाशी केलेल्या करारात संमती किती आणि सक्ती किती, याची वाटणी कोणी करावी? १८४७ च्या सप्टेंबरापासून १८४८ च्या वसंतापर्यंत तुकड्यातुकड्यांनी साडेतीनशेहून अधिक माणसे डब्लिन आणि लिव्हरपूल या मार्गाने अमेरिकेकडे रवाना झाली. त्यांची घरे पाडण्यात आली. नॅरी, रेनॉल्ड्स, हॅन्ली, मॅकडरमॉट, स्ट्यूअर्ट ही नावे जहाजांच्या यादीत चढली आणि खंडाच्या वहीतून उतरली. दहाबारा वर्षे जे कायद्याला साधले नव्हते, ते बटाट्याच्या रोगाने दोन वर्षांत साधले.

ही माणसे पुढे कोठे गेली? त्यांतील काही कुटुंबे व्हरमाँट राज्यातील रटलंड या गावी, संगमरवराच्या खाणींच्या परिसरात, पुन्हा एकमेकांच्या शेजारी राहू लागली, असे अमेरिकेतील अभ्यासकांनी नोंदींच्या आधारे दाखवून दिले आहे. महासागर ओलांडून गेल्यावरही त्यांनी शेजार सोडला नाही. शिवार मोडले, पण शिवारातील सोयरिकी मोडल्या नाहीत.

बॅलीकिलक्लाइनची एवढी तपशीलवार माहिती आज आपल्याला कशी मिळते, याचा विचार केला म्हणजे मन थोडे अस्वस्थ होते. ती मिळते सरकारी दप्तरांतून. या कुळांनी खंड मुकाट्याने भरला असता तर त्यांच्याविषयी एखादा आकडा आणि एखादी सही किंवा अंगठा यापलीकडे काही उरले नसते. त्यांनी नकार दिला म्हणून अहवाल लिहिले गेले, साक्षी झाल्या, अर्ज जपून ठेवले गेले. रॉबर्ट स्कॅली या अमेरिकन इतिहासकाराने या कागदांचा बारकाईने अभ्यास करून १९९५ मध्ये एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि शतकाहून अधिक काळ विस्मृतीत पडलेले हे शिवार पुन्हा लोकांसमोर आले. साठ हजार टाउनलँडांपैकी असे किती असतील की ज्यांनी भांडण केले नाही, आणि म्हणून ज्यांची हकीकतच उरली नाही!

परंतु कागद हा एकच साक्षीदार नव्हे. १९९८ पासून काही वर्षे पुरातत्त्ववेत्ते चार्ल्स ऑर्सर यांनी या टाउनलँडातील नॅरी कुटुंबाच्या घरांच्या जागी उत्खनन केले. सरकारी अहवालांवर विश्वास ठेवायचा तर तेथे मातीखेरीज काही सापडू नये. प्रत्यक्षात दूधदुभत्याच्या जाड्याभरड्या मडक्यांच्या खापऱ्यांबरोबर इंग्लंडमध्ये तयार झालेल्या नाजूक, नक्षीदार बशा आणि पेले यांचे तुकडेही निघाले. तंबाखूच्या मातीच्या चिलमी निघाल्या. म्हणजे या घरांत कधीतरी बाजारातून हौसेने आणलेली कपबशी होती. कोणी म्हणेल, पाहा, पैसा होता आणि तरीही खंड बुडविला! पण त्याच खापऱ्यांकडे पाहून असेही म्हणता येईल की, ही माणसे केवळ पोट आणि हातपाय नव्हती. त्यांना आवडनिवड होती, घर सजवावेसे वाटत होते. अर्जातील ‘दीन कूळ’ आणि अहवालातील ‘बंडखोर कूळ’ यांच्यामागे एक संसारी माणूस उभा होता. त्याची ओळख पटविण्यास फुटक्या बशीचा तुकडा कारण झाला.

एका टाउनलँडने एकाकी केलेला हा प्रयत्न फसला खरा. पण तो ज्या प्रश्नातून जन्मला होता तो प्रश्न मिटला नाही. १८७९ मध्ये मायकेल डॅव्हिट आणि त्याचे सहकारी यांनी लँड लीगची स्थापना केली, आणि जमिनीचा लढा शिवारातून उठून देशभर पसरला. शेजारच्याच मेयो परगण्यात १८८० मध्ये कॅप्टन बॉयकॉट नावाच्या कारभाऱ्याशी लोकांनी सर्व व्यवहार तोडले. त्याच्या नावावरून बनलेला शब्द आज जगातील अनेक भाषांत रूढ आहे, आणि आपणही तो ‘बहिष्कार’ या अर्थी सर्रास वापरतो. पुढे १९०३ च्या कायद्याने सरकारी कर्जावर जमिनी विकत घेण्याची वाट मोकळी झाली, आणि काही दशकांत आयर्लंडमधील बहुतेक कुळे आपापल्या जमिनीची मालक बनली. बॅलीकिलक्लाइनच्या लोकांना ते पाहावयास मिळाले नाही. त्यांचे पणतू त्या वेळी अमेरिकन झाले होते.

आज स्ट्रोक्सटाउनच्या त्या वाड्यात दुष्काळाचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. १९९४ मध्ये ते उघडण्यात आले. ज्या मार्गाने १,४९० माणसे चालत गेली, तो कालव्याकाठचा मार्ग आता पदयात्रेसाठी राखला आहे. आणि टाउनलँडांची नावे? तीही टिकून आहेत. खेड्यातील पत्त्यात घराचा क्रमांक नसला तरी टाउनलँडचे नाव असते. १९७० च्या दशकात उत्तर आयर्लंडच्या टपाल खात्याने ही नावे वगळून रस्त्यांची नावे आणि सांकेतिक अंक रूढ करण्याचे ठरविले, तेव्हा एरवी धर्माच्या व राजकारणाच्या प्रश्नांवर एकमेकांचे तोंड न पाहणारी माणसे आपल्या शिवाराचे नाव राहावे म्हणून एकत्र आली. शिवाराचे नाव हे कोणत्याही एका पक्षाचे नसते, एवढे त्यांना उमगले होते.

नकाशावर बॅलीकिलक्लाइन अजूनही आहे. जी सीमा कोल्बीच्या मोजणीदारांनी आखली, तीच जवळपास आहे. पूर्वी जेथे पाचशे माणसांचा वावर होता तेथे आता हिरवे कुरण आहे. त्या कुरणात उन्हे कलली म्हणजे जुन्या बटाट्याच्या वाफ्यांचे वरंबे अशा भागांत अनेक ठिकाणी अजून उठून दिसतात. मधल्या काळात तेथे नांगर फिरला नाही म्हणून ते टिकले. सरकारला हवी होती ती जमीन सरकारने मिळविली. त्या माणसांनी आपल्या मागे एक नकार ठेवला, आणि सरकारच्याच दप्तराने तो जपून ठेवला. इतिहासाच्या अभ्यासकाला कोणत्या कागदापाशी थांबावे हे शिकावयाचे असेल, तर या सहाशे एकरांकडे त्याने एकदा अवश्य पाहावे. खंड भरल्याच्या पावत्या पुष्कळ मिळतात. तो का भरला नाही, हे सांगणारा कागद क्वचित मिळतो.